म्हणींच्या उगमाचा वाद : एक आढावा

मराठी म्हणी व वाक्प्रचार यांच्या अर्थाविषयी सहसा तंटा होत नाही. ते आले कोठून हा प्रश्न निघाला की मात्र, शंभर-सव्वाशे वर्षांच्या संग्रहकार्यानंतरही, एकमताची स्थळे थोडी आणि तकरारीची पुष्कळ असाच अनुभव येतो. याचे एक कारण उघड आहे. म्हण ही रूढ झाल्यावरच म्हण ठरते, आणि रूढ होईपर्यंत तिच्या जन्माची नोंद ठेवण्याचे कोणास प्रयोजन पडत नाही. त्यामुळे मूळ शोधणाऱ्याच्या हाती जो पुरावा लागतो तो बहुधा तिच्या जन्मकाळचा नसतो, पुढे केव्हातरी कोणी सांगितलेल्या कुळकथेचा असतो. या कुळकथा कोणी कोणत्या दृष्टीने सांगितल्या, त्यांतील कोणत्या तपासाला टिकतात, आणि कोठे अद्याप फैसला देणे शक्य नाही, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका

म्हणींची पहिली मोठी दप्तरनोंद कोशकारांनी केली. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या ग्रंथात त्या त्या शब्दाखाली त्याचे संप्रदायही दिलेले आहेत. पुढे १८९९ मध्ये आल्फ्रेड मॅन्वेरिंग या मिशनरी गृहस्थांचा म्हणींचा स्वतंत्र संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. या पिढीचा हेतू व्यवहारी होता. परक्या अंमलदारास अथवा धर्मोपदेशकास रयतेचे बोलणे नीट उमजावे यासाठी अर्थ हवा होता. उगमाची चौकशी त्या कामात ओघाने आली तर आली, न आली तर अडत नव्हते.

उगमाची जिज्ञासा जागी झाली ती दोन वेगळ्या प्रवाहांमुळे. वि. का. राजवाडे यांच्या पिढीने गावोगावची दप्तरे उघडली, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि प्रत्येक जुन्या शब्दामागे एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादा महजर असावा अशी अपेक्षा सुशिक्षितांत रुजली. दुसरीकडे भाषेच्या अभ्यासाने मूळ धरले. वा. गो. आपटे यांनी संप्रदाय व म्हणी यांवर स्वतंत्र पुस्तक रचले, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या अवधीत आणि वाक्संप्रदाय कोशाचे दोन विभाग १९४२ व १९४७ साली बाहेर पडले, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. या थोर उद्योगामुळे सामग्रीचा प्रश्न बव्हंशी सुटला. सामग्रीचा अन्वय कसा लावावा यावर मात्र निरनिराळे पक्ष उभे राहिले.

इतिहासपक्ष

सर्वांत लोकप्रिय पक्ष अर्थातच इतिहासाचा. ‘पानिपत होणे’ या प्रयोगाला व्याख्येची गरज नाही, आणि ‘बारभाई’ म्हटले की नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध जमलेली मुत्सद्द्यांची जूट डोळ्यांपुढे येते. परंतु जेथे इतिहासाचा दाखला इतका सरळ नाही, तेथे या पक्षाची वाट निसरडी होते. ‘संक्रांत कोसळणे’ हा प्रयोग त्याचे उत्तम उदाहरण आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, १४ जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, तेव्हा त्या दिवशी मराठ्यांवर कोसळलेल्या अनर्थावरून हा वाक्प्रचार पडला, ही उपपत्ती शाळेच्या वर्गांतूनही सांगितली जाते व ऐकणारास ती तत्काळ पटते. तपासाला ती टिकत नाही. आपली संक्रांत निरयन गणिताची असल्याने इंग्रजी पंचांगात ती सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा आणि त्या दिवशी तारीख १२ जानेवारी होती, हे प्रसिद्धच आहे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पौष शुद्ध अष्टमीच्या त्या बुधवारी भाऊसाहेबांची फौज रणांगणात उतरली तेव्हा तिळगूळ होऊन चार दिवस लोटले होते.

मग हा प्रयोग कोठून आला? पंचांगात दरवर्षी छापले जाणारे संक्रांतीचे फळ ज्यांनी वाचले आहे त्यांना दूर जावे लागणार नाही. तेथे संक्रांत ही एक उग्र देवता आहे. तिला वाहन आहे, शस्त्र आहे, वस्त्र व अलंकार आहेत. ती एका दिशेकडून येते, दुसरीकडे जाते आणि तिसरीकडे पाहते. जे ती धारण करते ते महागते, आणि जिकडे पाहते तिकडच्या लोकांस पीडा होते. एखाद्यावर संक्रांत येणे म्हणजे तिची दृष्टी त्याच्यावर पडणे. हा अर्थ इतका नैसर्गिक आहे की त्यास लढाईची जोड देण्याचे कारण उरत नाही. तरीही असे म्हणणारे आहेत की, प्रयोग जुना असला तरी ‘कोसळणे’ हे क्रियापद त्याला पानिपतानंतरच्या भावनेने चिकटले असेल; आणि या तडजोडीच्या मताचे खंडन करण्यास १७६१ पूर्वीचा तसा प्रयोग दाखवावा लागेल, हे मान्य केले पाहिजे.

‘ध चा मा करणे’ येथे प्रकरण निराळे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांस ठार केले, आणि राघोबादादांनी दिलेल्या हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे रूपांतर आनंदीबाईंनी केले, अशी वदंता पसरली. ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात रामशास्त्र्यांच्या चौकशीची हकीकत देताना हा फेरफार आनंदीबाईंचा असल्याची सार्वत्रिक समजूतही नमूद केली, आणि तेथून ती पाठ्यपुस्तकांत व नाटकांत शिरली. नंतरच्या काही अभ्यासकांनी आनंदीबाईंच्या अपराधाबद्दल गंभीर शंका घेतली असून, मूळ हुकूम पुढे ठेवून हा वाद कोणी मिटविलेला नाही. येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करणे अगत्याचे वाटते. आनंदीबाई दोषी की निर्दोष, हा इतिहासाचा मुकदमा आहे. वाक्प्रचार त्या प्रकरणातून निघाला की नाही, हा भाषेचा. वाक्प्रचार जन्मास येण्यास घटना घडावीच लागते असे नाही, ती घडली अशी लोकांची खात्री असली तरी पुरे.

हीच कसोटी ‘अटकेपार झेंडे लावणे’ यास लावावी. १७५८ च्या वसंतात मराठी फौजा लाहोरात शिरल्या, आणि त्याच वर्षी ४ मे रोजी राघोबादादांनी लाहोराहून पेशव्यांस लिहिलेल्या पत्रात अटकेपर्यंतच्या मुलखाची व त्याहीपुढे कंदाहारची भाषा आहे. परंतु दादासाहेब स्वतः लाहोरापुढे गेले काय, तुकोजी होळकर व साबाजी शिंदे यांच्या पथकांनी सिंधू ओलांडून पेशावर गाठले काय, की पाठलाग चिनाबेच्या आसपासच थांबला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. निकाल काहीही लागो, वाक्प्रचाराचा उगम त्या स्वारीत आहे याला धक्का पोहोचत नाही.

इतिहासपक्षाची खरी अडचण होते ती संख्यांशी. ‘साडेतीन शहाणे’ म्हणून सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे व निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, अशी गणना सांगतात. नाना तरवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे, असे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. परंतु विठ्ठल सुंदर १७६३ च्या ऑगस्टात राक्षसभुवनच्या लढाईत पडले, तेव्हा १७४२ साली जन्मलेल्या नानांचे वय अवघे एकवीस होते. ही चौकडी एका वेळी राजकारणाच्या पटावर समोरासमोर बसलीच नाही. यादी मागाहून जुळविलेली दिसते. शिवाय साडेतीन हा आकडा मराठी मनाचा आवडता आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, माणसाचा देहही साडेतीन हात. आकडा आधी ठरला व माणसे नंतर त्यात बसविली, असा संशय घेण्यास जागा राहते.

कथापक्ष

दुसरा पक्ष म्हणतो की म्हणीमागे कथा असते. कथा विसरली जाते आणि तिचा शेवटचा बोल तेवढा उरतो. मडक्यात वासराचे तोंड अडकले, सल्ला देण्यास आलेल्या शहाण्याला उंटावरून उतरणे कमीपणाचे वाटले, म्हणून त्याच्यासाठी भिंत पाडली, आणि आत येऊन त्याने वासराची मान उडविण्याचा सल्ला दिला, ही ‘उंटावरच्या शहाण्या’ची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. गोष्टीशिवाय म्हण कळतच नाही, तेव्हा गोष्ट आधीची मानण्यास हरकत नसावी. पण सर्वत्र असे होत नाही.

‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण घ्या. वांगे खाऊ नये असे श्रोत्यांस सांगून घरी आलेल्या पुराणिकबुवांना पानात वांग्याची भाजी दिसली नाही, तेव्हा बायकोने त्यांच्याच उपदेशाकडे बोट दाखविले, आणि बुवांनी हे उत्तर दिले, अशी कथा आहे. याउलट शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की मूळ शब्द ‘वानगी’, म्हणजे नमुना वा दाखला. पुराणातले दाखले पुराणातच ठेवावेत, व्यवहारात आणू नयेत, एवढाच सरळ अर्थ होता, पुढे ‘वानगी’ हा शब्द लोकांच्या बोलण्यातून मागे पडला व त्याच्या जागी वांगी आली, आणि वांगी आल्यावर त्यांच्यासाठी गोष्ट रचावी लागली. ही उपपत्ती विद्वानांस फार आवडते, कारण तीत गोष्टीचाही उगम सापडतो. परंतु दोन्ही बाजूंचे बळ मोजून पाहिले पाहिजे. व्याकरण येथे साक्ष देत नाही. ‘पुराणातली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनी वानगीला जसे जुळते तसेच नपुंसकलिंगी अनेकवचनी वांग्यांनाही जुळते. कथेच्या बाजूने एक गोष्ट सहसा कोणी पुढे मांडत नाही: चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य, त्यासाठी आषाढात कांदेनवमी साजरी होते, आणि देवळात पुराण लावण्याचा हंगामही नेमका चातुर्मासाचाच. पुराणिकाच्या तोंडी वांग्याचा निषेध येणे हे त्या काळच्या गावात अगदी नित्याचे होते. म्हणून ‘वांगी’ हा अपभ्रंश ठरविण्यापूर्वी ‘पुराणातली वानगी’ असा जुना लेखी प्रयोग कोणी दाखवावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. माझा स्वतःचा कल वांग्यांकडे आहे.

याहून गुंतागुंतीचा मामला ‘औटघटकेचा राजा’ याचा आहे. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा हे राज्य सुमारे चौऱ्याऐंशी मिनिटांचे. परंपरा सांगते की, १३९६ पासून बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात शिराळशेट नामक वाण्याने आपली कोठारे उघडून लोक जगविले, बहामनी बादशहाने प्रसन्न होऊन काय हवे ते माग म्हटले, आणि शेटाने साडेतीन घटकांचे राज्य मागून तेवढ्या अवधीत पुण्यकृत्ये उरकली. श्रावण शुद्ध षष्ठीस मातीचा शिराळशेट करून त्याच दिवशी तो बोळविण्याची चाल अनेक गावी होती. कथा हृद्य आहे, काल निश्चित आहे, विधीही जोडीला आहे; इतिहासपक्षास याहून अधिक काय हवे?

अडचण अशी की, हे नाव दुष्काळापेक्षा जुने आहे. श्रियाळ राजा, त्याची राणी चांगुणा व बाळ चिलया यांची कथा श्रीधरकवींच्या १७१८ सालच्या शिवलीलामृतामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. अतिथीच्या रूपाने आलेल्या शंकराने मुलाचे मांस मागितले व आईबापांनी ते दिले, अशी ती कथा. ती मुळात दक्षिणेची. तमिळ शैवांच्या पेरियपुराणात सिरुत्तोंडर या भक्ताविषयी हेच वृत्त येते, आणि कन्नड वीरशैव परंपरेत तो ‘सिरियाळ सेट्टी’ या नावाने प्रसिद्ध आहे. बसवेश्वरांच्या वचनांत, म्हणजे बाराव्या शतकात, तो जातीने सेट्टी म्हणून ओळखला जात होता असे स्पष्ट दिसते. तेव्हा ‘शिराळ’ आणि ‘शेट’ हे दोन्ही शब्द दुर्गादेवीच्या दुष्काळापूर्वी दोन शतके एकत्र नांदत होते. दुष्काळातील वाणी हा खरा पुरुष असून त्यास जुन्या भक्ताचे नाव लाभले, की जुन्या भक्ताचा उत्सव शिल्लक राहून त्याला दुष्काळाची नवी कथा चिकटली? काही कथनांत बादशहा बेदरचा म्हटला जातो, पण बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरास गेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. म्हणजे आजची कथा तरी तिच्या स्वतःच्या कालाहून पुष्कळ अलीकडे रंगविली गेली आहे. इतके असूनही साडेतीन घटकांचे राज्य हा भाग ना तमिळ कथेत आहे ना शिवलीलामृतात. तो कोठून आला, याचे उत्तर कोणत्याच पक्षाकडे नाही. एका दिवसात बसविला व बोळविला जाणारा मातीचा राजा पाहून लोकांनीच ते राज्य कल्पिले असावे, हा तर्क मोहक आहे, पण तो तर्कच.

व्यवहारपक्ष

तिसरा पक्ष मितभाषी आहे, आणि त्याचे निष्कर्ष पुष्कळदा अधिक टिकाऊ निघाले आहेत. म्हणींचे मूळ राजवाड्यात वा पुराणात शोधण्याऐवजी बाजारात, शेतात, हिशेबाच्या वहीत आणि तमाशाच्या फडात शोधावे, असा त्याचा आग्रह. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण रात्रभर दिवट्यांच्या उजेडात चालणाऱ्या खेळाची आहे, हे आता कोणी नाकारीत नाही.

‘अठराविश्वे दारिद्र्य’ याची चर्चा या पक्षाने मोठ्या बारकाईने केली आहे. वरवर पाहता येथे विश्व म्हणजे ब्रह्मांड असे वाटते आणि अठरा ब्रह्मांडांचे दारिद्र्य एकाच्या घरी आले असे भव्य चित्र उभे राहते. पण अठरा विश्वे कोणत्या पुराणात मोजली आहेत ते कोणास सांगता येत नाही. दुसरे मत असे की हा शब्द ‘विसा’ या वीसच्या समुच्चयाचा आहे. जुन्या मंडळींची मोजणी विसांनी चाले, आणि अठरा विसा म्हणजे तीनशे साठ, अर्थात वर्षाचे सारे दिवस. बारा महिने दारिद्र्य, असा अर्थ होतो व तो प्रयोगास चपखल बसतो. तिसरे मत पंचांगाकडे वळते. संवत्सरफळात पर्जन्य, धान्य इत्यादिकांचे प्रमाण ‘विश्वे’ या मानाने देतात व पूर्ण मान वीस विश्व्यांचे धरतात. जमीनमोजणीतही बिघ्याचा विसावा हिस्सा तो बिसवा. या हिशेबाने अठरा विश्वे म्हणजे विसांत अठरा, जवळजवळ भरलेले माप. दुसऱ्या मताचा गुण असा की त्यात गणित पूर्ण बसते. तिसऱ्याचा असा की त्यात शब्दाचे रूप बदलावे लागत नाही, आणि दारिद्र्यासारखी मोजता न येणारी वस्तू मापाने सांगण्यातला बोचरा विनोदही कायम राहतो. मला तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि दुसऱ्या मताच्या कैवाऱ्यांनी विचारलेला प्रश्न, की पूर्ण वीसच का म्हटले नाही, अजून उत्तराविना आहे.

‘पाचावर धारण बसणे’ येथेही असेच. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, हा अर्थ जुन्या कोशांत व कागदांत रूढ आहे. त्या काळी भाव रुपयास अमुक शेर असा सांगत, म्हणून आकडा जितका लहान तितकी महागाई मोठी. धारण पाचावर आली म्हणजे दुष्काळ दारात आला, आणि ऐकणाराची पाचावर धारण बसली, अशी उपपत्ती. याविरुद्ध पक्ष विचारतो की महागाईने माणूस भुकेला होतो, कष्टी होतो. भीतीने बोबडी वळण्याचा जो अर्थ या प्रयोगात आहे तो त्यातून कसा निघाला? म्हणून तो पक्ष पाच म्हणजे पंचप्राण आणि धारण म्हणजे कसेबसे धरून राहणे असा अन्वय लावतो. ‘नाकी नऊ येणे’ याचा उलगडाही देहाच्या नऊ द्वारांवरून, म्हणजे सगळी शक्ती नाकाशी येऊन ठेपण्यावरून, करतात, आणि त्या शेजारी पंचप्राणांची कल्पना विसंगत दिसत नाही. बाजाराचा अर्थ शब्दाला धरून आहे, देहाचा अर्थ भावनेला. दोहोंपैकी कोणता आधीचा, हे केवळ युक्तिवादाने ठरण्यासारखे नाही.

‘चौदावे रत्न’ हे प्रकरण थोडक्यात संपते. समुद्रमंथनातील रत्नांचा क्रम सर्वत्र एक नाही. मंगलाष्टकांत म्हटल्या जाणाऱ्या प्रसिद्ध श्लोकात शेवटी अमृत येते, आणि वाक्प्रचारात चौदावे रत्न म्हणजे मार. यात गूढ शोधण्यापेक्षा पंतोजींचा उपरोध मानणे बरे.

तुलनापक्ष

चौथा पक्ष पहिल्या तिघांच्या पायाखालची जमीनच हलवितो. तो म्हणतो, ज्या म्हणीचे मूळ तुम्ही पुण्यात वा पैठणात शोधता ती शेजारच्या चार भाषांत असली तर त्या शोधाला अर्थ काय? ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ ही म्हण हिंदीत आहे. आणि राजशेखराच्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या कर्पूरमंजरी या प्राकृत नाटकातही तीच कल्पना म्हणीच्या थाटात येते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हीही हिंदीत जशीच्या तशी आहे. अशा म्हणींना जन्मगाव विचारणे व्यर्थ. त्या एका विस्तृत प्रदेशाच्या समाईक मिळकतीतल्या आहेत. संतवचनांविषयीही हा पक्ष सावध असतो. तुकोबांच्या किंवा रामदासांच्या तोंडचे जे शब्द आज म्हणीसारखे वापरले जातात, ते सारे त्यांनी घडविले असे नाही. काही त्यांनी चालू बोलीतून उचललेले असण्याचा संभव आहे, आणि लेखी दाखला त्यांचाच आधीचा असल्यामुळे श्रेय त्यांच्या खाती जमा झाले असेल.

या पक्षाच्या कसोटीचे सर्वांत रंजक उदाहरण ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’. हिंदीत व मराठीत सारखीच चालणारी ही म्हण ऐकून इतिहासप्रेमी मंडळींनी गंगू तेल्याचा शोध आरंभिला. धारचा परमार राजा भोज हा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचे प्रतिस्पर्धी त्रिपुरीचा कलचुरी गांगेयदेव आणि कल्याणीचे चालुक्य, ज्यांच्या घराण्याचा उद्धारकर्ता तैलप. गांगेय व तैलप यांचा उपहासाने ‘गंगू तेली’ झाला, असा सिद्धान्त मांडला गेला. पण तैलप ९९७ च्या सुमारास वारला, भोज गादीवर आला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. आणि तैलपाने भोजाचा चुलता मुंज यास पकडून मारले होते, तेव्हा माळव्याने हिणवावे असा तो शत्रूही नव्हता. तैलप म्हणजे त्याचे घराणे, असा अर्थ केल्यास कालाची अडचण टळते, पण तेवढ्याने उपपत्ती सिद्ध होत नाही. इकडे कोल्हापुराकडे दुसरीच कथा आहे. पन्हाळा किल्ला बांधणारा शिलाहार राजाही भोजच, बाराव्या शतकाच्या अखेरचा. तटबंदी उभी राहीना म्हणून गंगू नावाच्या तेलिणीचा बळी दिला गेला, असे तेथे सांगतात. या कथेत म्हणीतला उपहास विरून जाऊन त्याजागी अन्यायाची एक धूसर आठवण येते, म्हणून ती मनास चटका लावते. तिचा पुरावा मात्र मौखिकच. तुलनावादी यावर एवढेच म्हणतात की, ‘कोठे इंद्राचा ऐरावत आणि कोठे शामभटाची तट्टाणी’ ही त्याच साच्याची म्हण मराठीत आहे, आणि शामभट कोणत्या शतकात झाला हे आजवर कोणी विचारलेले नाही. साच्याला एक थोर व एक सामान्य नाव लागते. नावे बदलतात, साचा राहतो.

या पक्षाचीही मर्यादा आहे. समाईक म्हणी समाईक आहेत एवढे सांगून तो थांबतो; ‘गंगेत घोडे न्हाले’ यासारखा प्रयोग पुढे आला की त्याला इतिहासाची व भूगोलाची मदत घ्यावीच लागते. येथे कोणी अश्वमेधाचा घोडा आणतात, कोणी उत्तरेच्या मोहिमा. आणि महाराष्ट्रात ‘गंगा’ म्हणजे पुष्कळदा गोदावरीच, गंगथडी हा मुलूख गोदाकाठचा व घोड्यांसाठी नावाजलेला, हे ध्यानात घेतले म्हणजे तिसरी शक्यताही दिसू लागते.

अनिर्णित राहिलेले

आजची स्थिती अशी की, चारही पक्षांजवळ युक्तिवाद आहेत, तारीखवार दाखले मात्र कमी आहेत. महाराष्ट्र शब्दकोशाने ग्रंथांतील अवतरणे दिली, शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९९९ च्या प्राचीन मराठीच्या कोशाने यादवकाळापर्यंतचा शब्दव्यवहार संदर्भांसह हाती दिला. सतराव्या-अठराव्या शतकाचे, म्हणजे नेमके ज्या काळावर इतिहासपक्ष विसंबतो त्या काळचे, वाक्प्रचार पत्रव्यवहारातून काढून कालक्रमाने लावण्याचे काम तितके झालेले नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले, त्यांवर तारखा आहेत; न छापलेला मोडी मजकूर त्याच्या कित्येक पट आहे. ‘संक्रांत कोसळली’ असे १७६१ पूर्वीच्या एखाद्या कारकुनाने लिहिलेले सापडले, तर एक वाद एका दिवसात मिटेल.

दुसरी उणीव प्रदेशाची. संग्रह बव्हंशी पुणेरी व ग्रांथिक मराठीचे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांतील पाठभेद, आणि जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी जपलेली रूपे, उगमाच्या चर्चेत अपवादानेच येतात. वस्तुतः पाठभेद हाच मौखिक वाङ्मयाचा सर्वांत बोलका साक्षीदार.

तिसरा प्रश्न पद्धतीचा. ‘आपला हात जगन्नाथ’ याचे उगम तीन सांगतात. पुरीच्या दारुमूर्तीचे हात अपुरे आहेत, त्यावरून. तेथील महाप्रसाद जातिभेद न मानता ज्याने त्याने हाताने घ्यावयाचा, त्यावरून. आणि जगन्नाथ म्हणजे जगाचा धनी, तेव्हा आपला हातच आपला धनी, या सरळ अर्थावरून. पहिल्या उपपत्तीत मूर्तीचा पुरावा आहे, पण तिच्यातून स्वावलंबनाचा अर्थ ओढूनताणून काढावा लागतो. दुसरीत, हवे तितके आपल्या हाताने वाढून घेण्याचा जो खोडकर अर्थ मराठीत चालतो तो नेमका उमटतो. तिसरीला कोणत्याच पुराव्याची गरज नाही, आणि हेच तिचे बळ की दुबळेपणा, यावर अभ्यासकांचे एकमत होत नाही. हीच म्हण हिंदीतही चालते. तेव्हा तिच्या तिकडच्या आणि पुरीच्या यात्रेच्या वाटेवरील प्रांतांतल्या रूपांशी मराठी रूप ताडून पाहिल्याखेरीज या तिघांतून निवड करणे घाईचे होईल.